भूतदयेला इंजिन लावू नका

ईसापूरच्या पाण्यात पंख लोंबणारं बदक दिसलं की काठावर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, काढा ती मोटारबोट, दहा मिनिटांत उचलून आणू, परवानगीचं नंतर बघू. दुसरा म्हणतो, हात लावू नका, अभयारण्य आहे, उद्या आपल्यावरच गुन्हा दाखल होईल, निसर्गाचं निसर्ग बघेल. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत असतं, की जखमी पक्ष्याच्या आड कायदा येतो. पहिल्याला तो मोडायचा असतो, दुसऱ्याला त्याच्या आडोशाला बसायचं असतं. माझं म्हणणं असं, की दोघांनीही कायदा वाचलेला नाही, आणि पहिल्याने तर बदकसुद्धा नीट पाहिलेलं नाही.

आधी जागा. पैनगंगेवरचं ईसापूर धरण एका अंगाने हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीला आणि दुसऱ्या अंगाने पुसदला लागून आहे. नुसता उपयुक्त साठाच ९६४ दशलक्ष घनमीटर. धरण भरलं की पलीकडचा काठ म्हणजे एक धुरकट रेघ उरते. २०१४ मध्ये इथलं सुमारे ३७.८ चौरस किलोमीटर क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. पण हे काही निर्मनुष्य पाणी नव्हे. मच्छीमारांची तंगूसाची जाळी याच पाण्यात पडतात, कालव्याखालची शेती याच पाण्यावर होते, आणि पाणी उतरलं की याच बुडीत जमिनीत गाळपेर होते. धरण जलसंपदा खात्याचं, मासे मत्स्यव्यवसाय खात्याच्या अखत्यारीत, पक्षी वनखात्याचे. काठ मात्र तिघांचा एकच. तिकडे औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णेवर सिद्धेश्वर धरण आहे. तिथेही थंडीत बदकं उतरतात, पण ते अभयारण्य नाही. अभयारण्याची कलमं तिथे लागत नाहीत. शिकारबंदी मात्र तिथेही तेवढीच लागते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यातली शिकारीची व्याख्या फार कमी लोकांनी सबंध वाचलेली असते. मारणं आणि विष घालणं तर तिच्यात आहेच. पण पकडणं, पाठलाग करणं, हाकून काढणं, फासे लावणं आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. त्या व्याख्येत हेतूला जागा नाही. शब्दशः घेतलं तर मोटारबोट घेऊन बदकाच्या मागे लागलेला दयाळू माणूस आणि पहाटे जाळं लावून दबा धरलेला चोरटा शिकारी एकाच ओळीत उभे राहतात. अभयारण्यातल्या शिकारीला ३ ते ७ वर्षांची कैद आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड.

इथे दुसरा तट टाळ्या वाजवील. त्याने जरा थांबावं. हाच अधिनियम कलम ३९ मध्ये सांगतो, की बेकायदा शिकार झालेला प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो, आणि इजा करणं हीही शिकारच असल्यामुळे छऱ्याने जखमी झालेलं बदक त्यात येतं. अशी मालमत्ता ‘कोणत्याही मार्गाने’ ज्याच्या ताब्यात येईल, त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं आणि मागितल्यावर सुपूर्द करावी. म्हणजे जखमी पक्षी सामान्य माणसाच्या हाती येऊ शकतो, हे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरलेलं आहे. रस्त्याकडेला, बांधावर, गाळपेरीतल्या हरभऱ्यात पडलेला पक्षी खोक्यात घालून वनरक्षकाकडे पोचवणाऱ्याला तुरुंगात घालणं हा या कायद्याचा रोख नाही.

रोख कशावर आहे ते उत्तर प्रदेशात सगळ्या देशाने पाहिलं. अमेठीतल्या एका तरुणाला २०२२ मध्ये शेतात पाय जखमी झालेला सारस सापडला. त्याने औषधपाणी केलं, सारस बरा झाला, आणि वर्षभर त्याच्या मोटारसायकलीमागे उडत राहिला. मार्च २०२३ मध्ये वनखात्याने पक्षी ताब्यात घेतला, आधी समसपूर अभयारण्यात आणि मग कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात नेला, आणि त्या तरुणाला नोटीस गेली. लोक खात्यावर संतापले. मला त्या तरुणाबद्दल आदर वाटतो, पण खात्याचं काय चुकलं ते अजून कळलेलं नाही. माझ्या मते सारसाला उचलणं हा तिथला प्रश्न नव्हता. कुणाला न सांगता ठेवून घेणं हा होता. हा फरक दोन्ही तटांनी नीट लक्षात घ्यावा.

आता पहिल्या तटाकडे वळतो, कारण गोंगाट त्याचाच जास्त आहे. त्याचं पहिलं हत्यार राज्यघटना. कलम ५१-क (छ) मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य सांगितलं आहे. मग आम्हाला कोण अडवणार? कर्तव्य आहेच. पण कर्तव्य म्हणजे प्रवेशपत्र नव्हे. रुग्णाची सेवा हे पुण्यकर्म आहे म्हणून कुणी ऑपरेशन थिएटरात चपला घालून शिरत नाही. अभयारण्यात कुणी जायचं हे कलम २७ ठरवतं: कामावरचा सरकारी माणूस, मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी असलेला, तिथे जमिनीचा हक्क असलेला, सार्वजनिक रस्त्याने जाणारा, वगैरे. याच कलमात वन्य प्राण्याला छेडायला मनाई आहे. इंजिनाचा आवाज करत बदकाभोवती चकरा मारणं म्हणजे छेडणं नव्हे, तर दुसरं काय?

आणि सद्हेतूची ढाल? ‘आम्ही चांगल्या भावनेने केलं’ हे वाक्य कायद्यात आहे, कलम ६० मध्ये; पण ते संरक्षण सरकारी अधिकाऱ्या-कर्मचाऱ्यांना आहे. तुमच्याआमच्यासाठी अशी थेट ढाल या अधिनियमात नाही. हुशार वकील फौजदारी कायद्याच्या सर्वसाधारण अपवादांतून वाट काढील, बहुधा सोडवूनही आणील. पण ती वाट तारखांमधून जाते.

त्या वाटेने कोण चालतं? उत्साही मंडळी गावातून मोटारसायकलींवर येतात, बोट मच्छीमाराची असते. गुन्ह्यात वापरलेलं वाहन, नाव, अवजार जप्त झालं तर तेही सरकारजमा होण्याची तरतूद कलम ३९ मध्येच आहे. ज्याच्या घरची चूल त्या बोटीवर पेटते, त्याला ‘दादा, चला ना, पुण्याचं काम आहे’ म्हणून पाण्यात ओढायचं आणि पंचनाम्याच्या वेळी आपण मोबाइल खिशात घालून निघून जायचं, या भूतदयेला मी भूतदया म्हणणार नाही. हा धोका मी पहिल्या तटाच्या तोंडून कधी ऐकला नाही.

दुसरं हत्यार परदेशी व्हिडिओंचं. अमेरिकेत बघा, शिकारीसुद्धा जखमी बदक मोटारबोटीने गोळा करतात आणि ते कायदेशीर आहे. बरोबर आहे. तिथल्या संघीय नियमांप्रमाणे चालत्या मोटारबोटीतून स्थलांतरित पाणपक्ष्यांची शिकार करता येत नाही. इंजिन पूर्ण बंद हवं आणि बोटीची गती थांबलेली हवी. मेलेले आणि जखमी पक्षी गोळा करण्यापुरती बोट इंजिनावर नेता येते, असा अपवाद आहे. पण तो अपवाद कुणासाठी आहे? ज्याने परवाना काढून पक्षी पाडला त्याच्यासाठी. पाडलेला पक्षी वाया जाऊ नये, तडफडत राहू नये म्हणून. तिथे बोटीने उचललेलं बदक दवाखान्यात जात नाही, चुलीवर जातं. शिकारीच्या हिशोबातला नियम उचलून शुश्रूषेच्या खात्यात जमा करायचा, ही कसरत मला मान्य नाही.

तशीच तुलना करायची तर घरची करा. आपल्याकडे १९९१ च्या दुरुस्तीपर्यंत कागदोपत्री परवाना काढून ठरावीक पशुपक्ष्यांची शिकार करता येत होती. हिंगोली तर १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जन्टची छावणी. साहेब लोकांच्या काळापासून इकडे बंदुका नव्या नाहीत. तरीही १९७२ च्या मूळ अधिनियमातलं कलम १७ काढून पाहा. जमिनीवर किंवा पाण्यावर यांत्रिक वाहनातून शिकार करायला त्यात बंदी होती. मोटार किंवा लाँच वापरून प्राणी हाकायला, बिथरवायला बंदी होती. सूर्यास्तानंतर शिकारीला बंदी होती. पुढे शिकारच बंद झाली म्हणून ते कलम गळलं, त्यामागचा विचार खोटा ठरला म्हणून नव्हे. छऱ्याने बदक पाडायची मुभा होती तेव्हाही इंजिन लावून त्याच्या मागे जायची मुभा नव्हती. आता पाडायचीच मुभा नाही, आणि आपण इंजिनाची मागतो आहोत.

कायद्याचं एवढं पुरे. खरा वाद पाण्यावर आहे.

पावसाळा सरता सरता फुगवट्याच्या एखाद्या शांत फाट्याशी बसून पाहा. हळदी-कुंकू बदक आपल्याकडचं, बारमाही. चोचीच्या टोकाला पिवळा रंग आणि बुडाशी दोन लाल ठिपके, म्हणून हे नाव. मादी पिलांना घेऊन गवताच्या कडेने चाललेली असते. कुत्रं किंवा माणूस जवळ आला की पिलं गवतात गडप होतात आणि आई एकाएकी लुळी पडते. एक पंख पाण्यावर आपटत, अंग तिरकं करत, कुथत ती तुमच्यासमोरून फडफडत जाते. बघणाऱ्याला शपथेवर वाटेल की पंख मोडला. तुम्ही तिच्या मागे जाता, ती हाताच्या अंतरावर राहते, शंभर-दोनशे फूट तुम्हाला पिलांपासून दूर नेते आणि मग व्यवस्थित दोन्ही पंखांनी उडून जाते. शत्रूला चकवण्याची ही बदकांची जुनी रीत आहे. तिच्यामागे मोटारबोट लावणारा उपकारकर्ता पिलांच्या अंगावरून लाटा नेतो, आणि उडून गेलेली मादी पाहून ‘बरं झालं, वाचली’ म्हणतो.

दुसरा प्रकार. बदकं वर्षातून एकदा उडण्याची सगळी पिसं एकदम टाकतात. नवी येईपर्यंत काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. स्थलांतरित बदकं हे बहुतेक आपल्याकडे येण्याआधीच उरकून येतात, पण आपल्या निवासी बदकांना ते इथेच करावं लागतं. न उडणारं, बोजड, पाण्यावर पंख मारत पळणारं बदक म्हणजे जखमी बदक, हा समज इथे फसतो. त्याला काहीही झालेलं नसतं. त्याला फक्त एकटं सोडायचं असतं.

आता खरोखर जखमी बदक घ्या. तंगूसाचा धागा पाण्यात जवळजवळ दिसतच नाही. पंखाच्या सांध्याला त्याचे दोन-तीन वेढे बसले की प्रत्येक झटक्यासरशी तो कातडीत उतरत जातो, पिसांखाली रक्त धरतं, पंख खाली लोंबू लागतो. असा पक्षी मदतीसाठी काठाकडे येत नाही. त्याच्या लेखी आपण मदत नाहीच. आपण मोठा शत्रू आहोत. तो मान लांब करून पाण्याशी समांतर धरतो, अंग बुडवतो आणि पाणकणसांत शिरून नुसती चोच वर ठेवून बसतो. मोकळ्या पाण्यात असला तर बुडी मारतो. बोट जवळ आली की बुडी. वर आला की बोट वळते, पुन्हा बुडी. बोटीवाल्याला वाटतं, दमला की सापडेल. दमतोच. दमवूनच तर पकडायचं असतं. पण आटोकाट पळवलेल्या जखमी पक्ष्याच्या स्नायूंवर आणि काळजावर त्या धसक्याचा असा परिणाम होतो, की तो जिवंत हाती लागतो आणि एक-दोन दिवसांत मान टाकतो. त्या मरणाचा व्हिडिओ कुणी काढत नाही. उचलल्याचा मात्र सगळीकडे फिरतो. आणि बुडी मारलेलं बदक नेमकं पंख्याच्या पात्याखाली वर येणार नाही, याची हमी कोणता बोटवाला देईल?

पुन्हा हिशोब एका पक्ष्याचा नसतो. थंडीतल्या सकाळी पाण्याच्या मध्यावर चक्रवाक, तलवार बदकं, थापटे, वारकरी यांचे थवे टेकलेले असतात. रिकामटेकडे बसलेत असं आपल्याला वाटतं. बरीच बदकं रात्री चरतात आणि दिवसा अंगातली चरबी राखून असतात, कारण मार्च-एप्रिलात परतीची मजल मारायची असते. पट्टकादंबाला तर हिमालय ओलांडायचा असतो. मोटारबोटीचा एक फेरा पडला की सगळं पाणी एकदम उठतं, आकाशात चकरा मारतं, दुसऱ्या टोकाला बसतं, आणि बोट तिकडे वळली की पुन्हा उठतं. पावसाळ्यात तरंगत्या पानांवर घरटं बांधणाऱ्या टिबुकलीची आणि कमळपक्ष्याची अंडी बोटीच्या लाटेने पाण्यात जातात. अंड्यांची वा घरट्याची नासधूस तर सरळ शिकारीच्या व्याख्येतच आहे. एका बदकाच्या प्रेमापोटी आपण किती पक्ष्यांना वेठीला धरतो, हे काठावर उभं राहून मोजायला कुणी थांबत नाही.

माणसाच्या जिवाचं काय? पोहता येतं हो आम्हाला, हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचीच भीती वाटते. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्यात कुगाव आणि कळाशी यांच्या मध्ये प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, एक जण पोहून काठाला लागला. दोनच दिवसांनी, २३ मे रोजी, अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेणारी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. प्रशिक्षण घेतलेले, वर्दीतले लोक होते ते, आणि पाण्याशी झुंजणं हेच त्यांचं काम होतं. आपल्या मंडळींकडे काय असतं? उसनी बोट, लाइफ जॅकेट एखादंच, आणि बदक दिसल्यावर सगळ्यांनी एकाच बाजूला झुकण्याची खोड. धरणाच्या पाण्यात बुडलेल्या झाडांचे बुंधे असतात, जुने बांध आणि विहिरी असतात. तंगूसाचं एक जाळं पंख्यात गुंडाळलं की इंजिन बंद, आणि दुपारचा वारा सुटला की बोट आडवी होऊन लाटा घेऊ लागते. हातात लांब दांड्याचं जाळं घेऊन डगमगत्या बोटीत उभा राहिलेला माणूस हा बदकापेक्षा जास्त धोक्यात असतो. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ ने इंजिनाच्या बोटींना नोंदणी आणि तपासणी घालून दिली आहे, ती हौसेने नव्हे. ज्या बोटीत आपण चढतो तिची ती कागदपत्रं आहेत का, हे पक्षीमित्रांपैकी कितीजण विचारतात?

शिवाय सगळीच लुळी बदकं जखमी नसतात, काही आजारी असतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरात १८,००० हून अधिक पक्षी बोट्युलिझमच्या विषाने मेले. त्यात पंख आणि पाय लुळे पडतात, मान सुटते, पक्षी पाण्यातच बुडतो. लांबून दिसायला पंख मोडल्यासारखंच. २०२० च्या अखेरीस हिमाचलातल्या पोंग जलाशयावर बर्ड फ्लूने हजारो पट्टकादंब मेले. आणि हे सगळं दूरचं म्हणून सोडू नका. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लूच निघाला. आजारी बदक उघड्या हाताने उचलायचं, छातीशी धरून फोटो काढायचा, घरी परसातल्या खुराड्याशेजारी रात्रभर ठेवायचं, ही दया कोंबड्यांच्या मालकाला आणि घरातल्या पोराबाळांना महागात पडू शकते. अशा वेळी दुसरा कुणी तोच पक्षी उचलायला जाऊ नये म्हणून काठावर राखण करणं हे जास्त उपयोगी काम आहे.

एवढं वाचून दुसरा तट खुशीत आला असेल: म्हणजे आम्ही म्हणत होतो तेच, निसर्गावर सोडा. मुळीच नाही. ससाण्याने झडप घातलेलं बदक निसर्गावर सोडावं, त्यावर ससाण्याचा हक्क आहे. पण तंगूस निसर्गाने विणलेला नाही. गळ, छरे, विषारी धान्य, विजेच्या तारा यांतलं काहीही निसर्गाचं नाही. माणसाने केलेली जखम निसर्गाच्या खात्यावर टाकून मोकळं होणं ही सोयीस्कर पळवाट आहे, तिला तत्त्वज्ञानाचा मुलामा चढवू नये. शिवाय छऱ्याने जखमी झालेलं बदक हा गुन्ह्याचा पुरावा असतो. अभयारण्यात राहणाऱ्यांवर तर कायद्याने कर्तव्यच घातलं आहे: गुन्हा थांबवावा, गुन्हेगार शोधायला मदत करावी, मेलेला प्राणी दिसला तर कळवावं आणि अधिकारी येईपर्यंत तो राखावा. ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून घरी जाणारा तिथला रहिवासी हात न लावून कायदा पाळत नसतो, तोही तो मोडतच असतो.

मग बोट कधीच काढायची नाही का? काढायची, पण ती ज्याच्या अधिकारात आहे त्याने, शेवटचा उपाय म्हणून, आणि मागे लागण्यासाठी नव्हे. मध्यावर जाळ्यात अडकून जागीच फडफडणारा पक्षी आहे, काठावरून हात पोचत नाही, पळण्याचा प्रश्नच नाही: तिथे बोट हवीच. तेव्हाही इंजिन लांब बंद करून शेवटचं अंतर वल्ह्याने कापावं, आणि धागा ओढून न काढता दोन्ही बाजूंनी कापून पक्षी जाळ्याच्या तुकड्यासकट उचलावा. ओढला की सांधा जातो. जो पक्षी अजून पोहतो, बुडी मारतो, त्याला बोटीने गाठू नये. त्याला काठाकडे सरकू द्यावं. पाण्याच्या बाजूने एखादा चप्पू हळूहळू, गप्प, काठाच्या दिशेने यावा आणि काठावरचे लोक गवतात बसून राहावेत. यात तासन्‌तास जातात. मच्छीमारांना हे शिकवावं लागत नाही. पाणी कुठल्या अंगाने उतरतं, पक्षी कुठे दडतो, त्यांना पाठ असतं. हाती आला की डोक्यावर फडकं टाकावं, पंख अंगाशी धरावेत, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावा. पाणी पाजू नये, भात भरवू नये. बगळा किंवा करकोचा असेल तर त्याची चोच थेट डोळ्यावर येते, हे पकडणाऱ्याने विसरू नये.

ही कामं सुरळीत व्हायची तर सरकारी बाजूनेही हालचाल हवी, आणि इथे माझा वाद वनखात्याशी आहे. आम्हाला नियम सांगायचे तर नियमाच्या आत राहून मदत करायची वाटही दाखवा. कळमनुरी आणि पुसद दोन्ही बाजूंच्या मच्छीमारांतून काही तरबेज माणसं निवडावीत, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीने त्यांना बचावकामासाठी नेमावं, त्यांना ओळखपत्र, लाइफ जॅकेट आणि दिवसाची मजुरी द्यावी. बोट काढली तर डिझेलचा खर्च खात्याने सोसावा. उपकार म्हणून त्यांच्या गळ्यात मारू नये. नागपुरात सेमिनरी हिल्सला वनखात्याचं जखमी वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे, आणि ते चांगलं काम करतं. पण पंखात तंगूस रुतलेल्या बदकाला हिंगोलीहून नागपूर म्हणजे आणखी एक आजारपण. जिल्ह्यातल्याच एखाद्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पक्ष्यांसाठी एक खोली आणि पक्षी हाताळायला शिकलेला एक डॉक्टर, एवढ्याची तरतूद जिल्हा नियोजनातून व्हायला हरकत नसावी. आणि टाकून दिलेल्या, फाटक्या तंगूसाला किलोमागे काही दर देऊन तो गोळा करून घ्यावा. जखमी पक्षी उचलण्याची वेळच निम्म्याने कमी येईल, असं माझं मत आहे.

पक्षीमित्र तरुणांशी माझं भांडण नाही. थंडीत पहाटे उठून दुर्बीण घेऊन काठावर जाणारी पोरं या जिल्ह्यात आहेत, ही आनंदाचीच गोष्ट. त्यांना एवढंच सांगणं: लुळं बदक दिसलं तर आधी अर्धा तास दुर्बिणीतून बघा, आसपास पिलं आहेत का ते बघा, पक्षी कुठे दडतो ते लक्षात ठेवा, जागेचं आणि वेळेचं टिपण घ्या, आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. उचलला नाही तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन लेखी द्या आणि पोचपावती घ्या. मच्छीमार दादांच्या बोटीचं इंजिन मात्र तुमच्या सांगण्यावरून सुरू होऊ देऊ नका.